गहाळ झालेली ओळ

न सांगता पुसून टाकणाऱ्याची मला पहिल्यापासून किळस आहे. माणूस असो नाहीतर मशीन. नको तर नको म्हण, तोंडावर म्हण, मी उठून जातो. पण समोर मान डोलवायची आणि मी पाठ फिरवली की लिहिलेलं पुसायचं, ही रीत मला सोसत नाही. त्या पावसाळ्यात मी एका फाईलमध्ये एकच ओळ तीन वेळा लिहिली आणि तिन्ही वेळा मशीनने ती पुसली. आवाज नाही, तक्रार नाही. मी पुन्हा बघायला गेलो तर जागा साफ.

मी चौथीपर्यंत शिकलो. बाप उरणच्या बाजूला मिठागरात होता. मी इंजिनाच्या कामाला रेवदंड्याला आलो आणि इथलाच झालो. बोटींची इंजिनं, वायरलेस, पाण्याची खोली दाखवणारी यंत्रं, सगळं या हातांनी उघडलंय. इंग्रजी अक्षरं इंजिनाच्या पुस्तकांतून आपली आपण शिकलो. एक ओळ वाचायला मला एक बिडी लागते, पण वाचतो. धक्क्यावर मला कोणी नावाने हाक मारत नाही. मिस्त्री म्हणतात. एवढं कमावलंय.

मुलगी नवी मुंबईत कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. तिची आई गेल्यावर दुकानात मी नुसता भिंतीकडे बघत बसायचो, तेव्हा तिने तिचा जुना कॉम्प्युटर आणून बसवला आणि मला कामाला लावलं. कर्नेल म्हणजे काय ते तिनेच सांगितलं. यंत्र चालू झालं की सगळ्यात आधी जो प्रोग्राम उठतो आणि बाकीच्या सगळ्यांना हात-पाय देतो, तो कर्नेल. तो आपल्याला हवा तसा बांधता येतो. बांधायच्या आधी निळ्या पडद्यावर मेन्यू येतो. ओळींखाली ओळी, हजारो. प्रत्येक ओळ म्हणजे एक सोय. ओळीपुढच्या कंसात चांदणी टाकली की ती सोय कर्नेलच्या आत जाते, कंस रिकामा ठेवला की जात नाही. एम हे अक्षर टाकलं तर ती सोय वेगळी बांधून बाजूला ठेवतात, लागेल तेव्हा जोडायला. हे मला आठ दिवसांत कळलं. आमच्या जावयाला दहा मिनिटांत कळलं, असं तो म्हणतो.

उरणला बंदराबाहेर भंगारवाले बसतात. तिथून मी एक डबा आणला होता. कंटेनर उचलणाऱ्या गाडीतला, जाड काचेचा पडदा असलेला, उन्हात दिसणारा, पाणी मारलं तरी न मरणारा. आत झुरळांची अंडी होती आणि कोणीतरी थुंकलेला गुटखा वाळून चिकटला होता. तो मी ब्लेडने खरवडून काढला. माणसं यंत्रावर थुंकतात हे मला आजवर कळलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी तो डबा मी एका बोटीवर चढवला. मागे जाळं ओढताना बोट हाकणाऱ्या तांडेलला पुढे बसून दिसावं म्हणून कॅमेरा लावला आणि डब्यावर चित्र आणलं.

ती बोट माझ्या मित्राची. मित्र वारला, तेव्हापासून त्याची बायको बोट चालवते. म्हणजे समुद्रावर जात नाही, पण डिझेल, बर्फ, जाळी, खलाशी, सगळं तीच बघते. मी तिला वहिनी म्हणतो. तिच्याइतकं कमी बोलणारं माणूस या बंदरात नाही.

तर तो डबा चालू व्हायला फार वेळ घ्यायचा. तांडेल म्हणाला, "मिस्त्री, ह्याचं चित्र येईपर्यंत जाळं वर येऊन मासळी बर्फात जाते." मला लागलं ते. बोटीवर न लागणारी एक वस्तू ठेवायची नाही, हा माझा धर्म. न लागणारा नट दिसला तरी मी खिशात घालतो. मी मेन्यू उघडला आणि कापायला बसलो. जे कळलं नाही ते काढलं. एक ओळ मात्र पूर्ण वाचून घेतली. ती एक्सपर्ट नावाची होती. तिला चांदणी लावली की एरवी झाकलेल्या ओळी उघड्या पडतात, तज्ज्ञ माणसाला कापता याव्या म्हणून. मी लावली. या धक्क्यावर दुसरं होतं कोण? मग उघड्या पडलेल्या ओळीही कापल्या. डबा असा चालायला लागला की तांडेलने बटण दाबलं आणि हात खाली यायच्या आत चित्र. त्याने मला दोन पापलेटं दिली. मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, जे कळत नाही ते बंद करू नको. दुसरं काहीतरी त्याच्यावर उभं असतं." मी म्हटलं, "चित्र येतंय ना, बाय? मग झालं तर."

हे सगळं सांगितलं कारण पुढचं त्यावरच आहे.

गेल्या हंगामाच्या शेवटाला वहिनींची बोट खाडीच्या तोंडाशी वाळूवर चढली. ओहोटी लागली होती, खोली दाखवणाऱ्या यंत्राचा पडदा त्याच आठवड्यात मेला होता, आणि तांडेल अंदाजाने आत येत होता. सहा तास बोट आडवी पडून राहिली. एका खलाशाचा हात मोडला. पुढची भरती आली म्हणून बोट वाचली.

पावसाळी मासेमारीची बंदी लागली, बोटी खाडीत येऊन बसल्या. आषाढात तांडेल माझ्या दुकानात आला, दारातच उभा राहिला.

"पोरं बोलतात, पाण्याची खोली दिसणार नसंल तर आम्ही त्या बोटीवर पाय ठेवणार न्हाय. मुरुडच्या शेठचा माणूस येऊन गेलाय. त्याला बुधवारी सांगायचं हाय, येतो का न्हाय ते."

"सगळे जाणार?"

"सगळे. मी पण. मला बायकापोरं हायत, मिस्त्री."

वहिनी त्याच्यामागे उभी होती, छत्री मिटून. खलाशी एकदा दुसऱ्या बोटीवर गेले की हंगामभर गेले. मग ती बोट चिखलात बसणार, तिला किडे खाणार आणि वहिनी जाळी विणायला दुसऱ्याच्या दारात जाणार.

नवं यंत्र मागवलं तर ते महिन्याशिवाय येत नव्हतं. पण जुन्या यंत्राचा फक्त पडदा मेला होता. बोटीच्या तळाला बसवलेला भाग आणि त्याची पेटी शाबूत होती, आकडे पाठवत होती. ते आकडे एका वायरीने डब्यात घ्यायचे आणि पडद्यावर दाखवायचे, एवढंच काम. वायरीच्या टोकाला यूएसबीचं एक छोटं जोडणं लागतं, सुपारीएवढं, म्हणून मी त्याला सुपारीच म्हणतो. मी तांडेलला म्हटलं, "बुधवारच्या आत आकडा दिसंल. न्हाय दिसला तर मिस्त्री म्हणू नकोस मला."

वहिनी म्हणाली, "भाऊजी, नक्की ना?"

"नक्की."

तो गुरुवार होता.

डबा बोटीवरून काढून दुकानात आणला. सुपारी खुपसली. डब्याला काहीच कळलं नाही. ठीक आहे, त्या सुपारीची सोय कर्नेलमध्ये नसणार. मेन्यू उघडला. यूएसबीच्या घरात गेलो. त्या घरात सीरियल, म्हणजे वायरीतून एकामागून एक आकडे आणणाऱ्या जोडण्यांची एक खोली असायला हवी, तिच्यात प्रत्येक जातीच्या सुपारीची ओळ. खोलीच नाही. कंस रिकामा असता तर चांदणी टाकली असती. इथे ओळच नव्हती. जिथे असायला हवी तिथे वरची ओळ आणि खालची ओळ एकमेकींना अशा चिकटून बसलेल्या, जणू मधे कधी कोणी नव्हतंच.

मला घाम आला आणि मग राग. मेन्यू जी माहिती लिहितो ती एका साध्या फाईलमध्ये असते. मी फाईल उघडली आणि हाताने ओळ लिहिली, नाव आणि पुढे वाय. वाय म्हणजे होय. बांधकाम सुरू केलं. दोन तास पंखा किंचाळत होता. डब्यात घातलं. काही नाही. फाईल उघडली तर माझी ओळ गायब. पुन्हा लिहिली, या वेळी दोनदा तपासून. पुन्हा गायब. तिसऱ्यांदा लिहिली आणि बोट ठेवून बसलो. बांधायला घेतल्याबरोबर मशीन सगळी फाईल नव्याने जुळवून घेतं आणि ज्या ओळीला आधार नाही ती टाकून देतं. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की समोर एक चोर बसलाय आणि तो माझ्याच विजेवर चालतोय.

मुलीला फोन करायला हवा होता. केला नाही. तिचं ते वाक्य कानात होतं आणि ते मला दुसऱ्यांदा ऐकायचं नव्हतं.

रविवारी गटारी होती. जावयाला जेवायला बोलावलेलं. मुलीला कामावरून सुटी नव्हती, तो एकटाच आला. आमच्यात जावई म्हणजे पाट, तांब्या, पहिला घास त्याचा. त्याला काही वेडंवाकडं बोलायचं नाही, मुलगी त्याच्या घरात असते. कोंबडी होतीच, शिवाय शेजारणीकडून खाडीच्या चिंबोऱ्या करून घेतल्या होत्या, कारण बंदीत दुसरं ताजं काय मिळणार? तो आला, दुकानात डोकावला आणि पडद्यावरचा मेन्यू बघून हसला.

"मामा, हे काय घेऊन बसलात? इझी आहे. दोन मिनट."

"बसा ना, जावईबापू. आधी पाणी घ्या."

तो बसला. माझ्या खुर्चीवर, माझ्या चष्म्यावर. चष्मा वाचला. त्याने फोनवर शोधाशोध केली, कोणा परक्या माणसाची अख्खी फाईल उतरवली आणि माझ्या फाईलच्या जागी ठेवली.

"हे काय केलंत?"

"एकदम फुल्ल फाईल आहे मामा, सगळं ऑन. शोधायचं टेन्शनच नाय. उसमें सब है."

"पण ती ह्या डब्याची आहे का?"

"कर्नेल तो कर्नेल होता है."

मला जे वाटलं ते लिहीत नाही. दुसऱ्याच्या दाताची कवळी कोणी तोंडात घालेल का? पण जावई. मी म्हटलं, "बरं." आणि त्याला चिंबोऱ्या वाढल्या. त्याने त्या फोडताना हात माझ्या पान्ह्याच्या फडक्याला पुसले. बांधकाम संपायला संध्याकाळ झाली. डब्यात घातलं. पडदा काळा. कॅमेरा गेला, चित्र गेलं, होतं तेही गेलं. कोणाची ती फाईल, कुठल्या यंत्राची, देवाला माहीत. तिच्यात ह्या डब्याचा पडदाच नव्हता.

"होऊन जाईल मामा, एक रिस्टार्ट मारा," म्हणाला आणि मी दिलेले नारळ आणि पोहे पिशवीत घेऊन एसटीला निघून गेला. मी फाटकापर्यंत पोचवायला गेलो. हसत.

माझी जुनी फाईल मी पेनड्राईव्हवर ठेवली होती, एवढी अक्कल होती. सोमवारी सकाळी ती परत घातली, बांधलं, डबा जिवंत झाला, चित्र आलं. म्हणजे मी गुरुवारी जिथे होतो तिथे येऊन पोचलो. ओळ नाहीच.

त्याच दुपारी बर्फाच्या कारखान्यासमोर तांडेल भेटला, दोन खलाशी बरोबर.

"काय मिस्त्री, दिसला आकडा?"

मी म्हटलं, "जावयाने हात घातला. सगळं बिघडवून गेला."

खोटं असं नव्हतं. खरंही नव्हतं. तोंडातून निघालं आणि बरं वाटलं. तांडेल खलाशांकडे बघून म्हणाला, "ऐका रे. कोंबडी खाऊन मशीन मारून गेला. आमच्या पण जावयाचं तसंच, फक्त त्याला मशीन येत न्हाय, तो नुसती कोंबडी मारतो." ते हसले. संध्याकाळपर्यंत माझ्या जावयाची गोष्ट मासळी बाजारात पोचली होती.

वहिनी दिवे लागायच्या आधी आली. बाकावर बसली. मी उगाच सोल्डर गरम करत होतो.

"जावयाने बिघडवलं म्हणतात?"

"हो."

"मग आता नीट कोण करणार?"

"मी."

"उद्या मंगळवार, भाऊजी."

ती उठून गेली. मला वाटलं होतं ती काहीतरी बोलेल, रागावेल, निदान माझ्या जावयाला दोन शिव्या घालेल. ती माझ्यावर विश्वास ठेवून गेली. ते जास्त वाईट.

मंगळवारी सकाळी चहा घेऊन मागच्या पडवीत बसलो. पावसाने शेजारचं गटार वरच्या बाजूला तुंबलं होतं, माझ्या दाराशी सुकं आणि वर तळं. बाप आठवला. मिठागरात खाडीचं पाणी आधी एका मोठ्या साठ्यात घेतात. तिथून ते दुसऱ्या खाचरात तापायला सोडतात, आणि तिथून खालच्या छोट्या खाचरांत, जिथे मीठ पिकतं. मी दहा वर्षांचा असताना खालचं एक खाचर कोरडं पडलं आणि मी सकाळभर त्याचाच बांध उकरत होतो. बाप आला, माझ्या हातातून फावडं काढून घेतलं. "खाली पाणी न्हाय तर खाली काय उकरतो? वर जा." वर गेलो तर वरच्या खाचराचं तोंड चिखलाने बंद. मीच आदल्या दिवशी खेकडे धरताना बुजवलेलं.

पाच दिवस मी खालचं खाचर उकरत होतो. ओळ लिही, पुन्हा लिही, पुन्हा लिही.

मुलीने एक गोष्ट शिकवली होती, जी मी वापरत नव्हतो कारण तिच्यात वाचावं लागतं. मेन्यूत तिरकी रेघ दाबायची आणि हव्या त्या सोयीचं नाव टाकायचं. मग ती ओळ दिसत नसली तरी तिची सगळी कुंडली समोर येते. कुठल्या घरात राहते, आणि कोणाकोणावर अवलंबून आहे. मी नाव टाकलं. इंग्रजी मजकूर आला, अर्धा पडदा भरून. पॅकिंगची एक प्लायवूडची फळी घेतली आणि खडूने एकेक अक्षर उतरवून काढलं, कारण पडद्यावर माझे डोळे ओळ सोडतात. अवलंबून, म्हणून पुढे तीन नावं होती. पहिलं यूएसबीचं घर, बरोबरचं चिन्ह, वाय. दुसरं यूएसबी, वाय. तिसरं टीटीवाय, आणि त्यापुढे एन.

एन म्हणजे नाही.

वर जा. टीटीवायची कुंडली मागवली. तिच्यात लिहिलं होतं की ही ओळ माणसाला दिसते ती फक्त एक्सपर्टला चांदणी असेल तर. नसेल तर ती आपली आपण चालूच असते, कोणाला विचारत नाही.

तेव्हा मला आठवलं. ती ओळ मला चांगली माहीत होती. दोन वर्षांपूर्वी मी तिची मदतीची पाटी उघडली होती. पहिली ओळ बोट ठेवून वाचली. ही काढली तर जागा वाचते, असं काहीतरी. मला इतका आनंद झाला की मी तिथेच थांबलो आणि ती काढून टाकली. आता त्याच पाटीवर खाली बोट नेलं. दुसरी ओळ, तिसरी ओळ, एकेक अक्षर फळीवर. सीरियलचं काहीही चालायला ही लागते. बहुतेकांनी हिला हात लावू नये.

एक बिडी अजून ओढली असती तर ते तेव्हाच कळलं असतं.

मला स्वतःची अशी शिसारी आली की चहा ओतून दिला. जावई मूर्ख, त्यात बदल नाही. परक्याची फाईल घालणारा माणूस कसा असतो ते तसंच. पण ओळ त्याने घालवली नव्हती. ती दोन वर्षांपासून गहाळ होती आणि घालवणाऱ्याला त्याबद्दल दोन पापलेटं मिळाली होती.

टीटीवायला तिथल्या तिथे चांदणी लावून मोकळा होऊ शकलो असतो. पण मग मनात आलं, आणखी काय काय कापलं असेल मी? मला आठवत नव्हतं. ते आठवत नव्हतं हेच किळसवाणं. मी वर गेलो, एक्सपर्टच्या ओळीवर, आणि चांदणी काढली. टीटीवाय स्वतःहून परत आली. तिच्याबरोबर आणखीही कितीतरी परत आल्या, ज्यांना मी नावाने ओळखत नव्हतो आणि तरी हाकलून दिलं होतं. यूएसबीच्या घरात गेलो. सीरियलची खोली जागेवर होती.

तरी तिथेही एकदा ठेच लागलीच. मी वरच्या ओळीला एम घातला आणि खालच्या सुपारीच्या ओळीला चांदणी टाकायला गेलो. घेईना. वरचा बाहेर ठेवलाय तर खालचा आत कसा जाईल? पण या वेळी मी खाली उकरलं नाही. वर गेलो, वरच्याला चांदणी केली, मग खालचीने निमूट घेतली. बांधकामाला लावलं. हळूहळू अडीच तास. ओळी जास्त झाल्या होत्या ना. तो वेळ मी फाईल उघडून ठेवून बसलो होतो, माझी ओळ जागेवर आहे का बघत. होती.

दुपारची भरती होती. खाडीत बोट चिखलातून उठून तरंगायला लागली की तळाच्या यंत्राला पाणी मिळतं, त्याशिवाय आकडा येत नाही. तांडेल आला, खलाशी आले, वहिनी साडीचा काठ हातात धरून फळीवरून चढली. मी डबा जागेवर बसवला, सुपारी खुपसली, बटण दाबलं. डबा पूर्वीपेक्षा सावकाश उठला. तांडेलने माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडे बघत होतो.

आकडा आला. एक पॉइंट चार मीटर. थोड्या वेळाने एक पॉइंट पाच.

"हा खरा कशावरून?" हात मोडलेला खलाशी म्हणाला. हात आता जुळला होता, पण तो अजून पोटाशी धरून उभा राहायचा.

तांडेलने शिसं बांधलेली दोरी काढली, बाजूला सोडली, ताण आल्यावर बोटाने खूण धरून वर घेतली आणि हाताने मोजली. पुन्हा एकदा सोडली. मग मान हलवली. "बरोबर हाय. मुरुडच्या माणसाला सांगतो, न्हाय येत." आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जावयाने घाण केली आणि मिस्त्रीने निस्तरली. म्हातारा अजून चालतो."

खलाशी हसले. वहिनी हसली नाही, पण तिचा चेहरा पाच दिवसांत पहिल्यांदा सैल झाला.

तिथे गप्प राहणं सोपं होतं. कोणी विचारलं नव्हतं. जावई नवी मुंबईत, त्याला पत्ताही नव्हता की इथे त्याच्या नावावर काय खपतंय. ओळ पुसली गेली असती, आवाज न होता.

मी म्हटलं, "जावयाने न्हाय. मीच घालवलेली. दोन वर्षांपूर्वी. डबा लवकर चालू व्हावा म्हणून कापाकापी केली, त्यात ही गेली. जावयाने फक्त रविवारचा दिवस खाल्ला."

बोटीखाली पाणी चपचप करत होतं.

"म्हणजे," तांडेल सावकाश म्हणाला, "पडदा मेला तेव्हा ही वायर लगेच डब्याला जोडली असती, तरी..."

"तरी आकडा आला नसता."

"आणि काल बर्फाच्या कारखान्यासमोर तू काय बोललास?"

"खोटं बोललो."

हात पोटाशी धरलेला खलाशी पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ह्या डब्याला आता कोणी हात लावायचा न्हाय. तरच मी येतो. कोणी म्हणजे कोणीच. मिस्त्री पण न्हाय."

तांडेल माझ्याकडे बघायचं टाळत म्हणाला, "पोरगा बोलतो ते बरोबर हाय."

मी या धक्क्यावर आलो तेव्हा हा पोरगा जन्मलाही नव्हता. त्याच्या बापाच्या इंजिनाचं पहिलं पिस्टन मी बसवलं होतं. हे सगळं तोंडापर्यंत आलं. वहिनीने मला बोलू दिलं नाही. ती म्हणाली, "डबा पेटीत बसवा, भाऊजी. पेटीला कुलूप घाला. चावी माझ्याकडे राहील."

पेटी मीच केली, सागाच्या तुकड्यांची, पुढे काच, मागे वारा यायला भोकं. कुलूप मीच आणलं. बिजागऱ्या अशा आतून मारल्या की मलाही बाहेरून खोलता येऊ नयेत. पुनवेला नारळ वाहिला आणि दुसऱ्या दिवशी बोट खाडीच्या तोंडातून बाहेर पडली, सगळ्या खलाशांना घेऊन. मी धक्क्यावर होतो, पण मागे, बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला टेकून.

मुलीला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, त्याला सांगू का तू त्याचं नाव घेतलंस ते?"

"सांग. आणि त्याला म्हणावं, परत परक्याची फाईल माझ्या मशीनमध्ये घालायची न्हाय."

"तूच सांग ना."

"जावई हाय. मी कसा सांगू?"

हंगामात दोनदा डब्याची वायर खाऱ्या हवेने हिरवी पडली. चावी मागायला मला वहिनींच्या दारात जावं लागलं. ती देते. आधी कशाला हवी ते विचारते, मी सांगतो, मग कमरेची काढून देते, आणि मी काम करतो तोवर पेटीशी उभी राहते. मी पेटीतून काही खिशात घालत नाही ना, हे बघत.